हा खेळाडू खरंच अव्वल का? नववीच्या वर्गातला एक वादविवाद

वादविवादाचा तास म्हटलं की आपले विषय ठरलेले असतात. मोबाईल शाप की वरदान, परीक्षा हव्यात की नकोत, शहर बरं की खेडं. मुलं पाठ केलेली भाषणं म्हणून दाखवतात, आपण टाळ्या वाजवतो आणि तास संपतो. समोरचा काय म्हणाला हे कुणीच ऐकलेलं नसतं.

यंदा मी विषय बदलायचा ठरवला. आधी घेतलं 'सचिन की विराट'. दहा मिनिटांत वर्गाचा मासळीबाजार झाला. ज्याच्या घरी जो लाडका, त्याच्या बाजूने तो ओरडत होता. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी तो विषय तिथेच सोडला. मग वाटलं, असा खेळाडू घ्यावा जो या वर्गात कुणाचाच लाडका नाही. त्याचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नसावं. मग बोलायला उरेल तो फक्त मुद्दा.

माझा भाचा बॉस्टनजवळ नोकरी करतो. तिकडच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाचा तो इतका भक्त झाला आहे की फोनवर आईची तब्येत विचारायच्या आधी सामन्याचा निकाल सांगतो. त्याच्या ऑफिसात एक वाद म्हणे कायम चालू असतो: ज्युलियन एडलमन हा खरोखर पहिल्या फळीतला रिसीव्हर होता का? "मावशी, याबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही," असं तो म्हणाला, आणि मला माझा विषय मिळाला. त्याच्याकडून वर्षवार आकडे मागवले, झेरॉक्स काढल्या आणि पाच-पाच मुलांच्या गटाला एकेक दिली.

आता थोडं खेळाबद्दल, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता. दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो आणि पुढे पळत गेलेला रिसीव्हर तो झेलतो. चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, म्हणजे सहा गुण. रिसीव्हरच्या खात्यात मुख्य नोंदी तीन: झेल किती, त्यातून यार्ड किती आणि टचडाउन किती.

इथे मुलांना एक फरक मुद्दाम समजावून सांगितला. क्रिकेटमध्ये फलंदाजाला चेंडू समोरचा संघ टाकतोच, त्याला तो मागावा लागत नाही. रिसीव्हरला मात्र स्वतःच्याच संघातल्या माणसाने चेंडू दिला तरच काही करता येतं. फेकणारा कच्चा असेल तर उत्तम रिसीव्हरही रिकाम्या हातांनी पळत राहतो. फेकणारा पक्का असेल तर साधा रिसीव्हरही मोठा दिसू शकतो. सगळा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

एडलमनची गोष्ट मुलांना आवडली. कॉलेजात तो केंट स्टेटकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळायचा. उंची पाच फूट दहा इंच, या खेळात ती कमीच. २००९ साली व्यावसायिक संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडले तेव्हा तो सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, २३२ व्या क्रमांकावर घेतला गेला. पेट्रियट्सनी त्याला रिसीव्हर केलं. पहिली चार वर्षं तो जवळजवळ राखीवच होता. २०१३ पासून मुख्य झाला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाला. मधल्या काळात त्याने तीन सुपर बाउल जिंकले. सुपर बाउल म्हणजे त्यांच्या लीगचा अंतिम सामना.

त्यातला एक क्षण मी भाच्याच्या मोबाईलवरच्या चित्रफितीत पाहिला होता, तो वर्गात सांगितला. फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. अटलांटाचा संघ एका टप्प्यावर २८-३ असा पुढे होता. पेट्रियट्सनी अंतर कापत आणलं होतं, तरी शेवटच्या काही मिनिटांत ते अजून आठ गुणांनी मागे होते. टॉम ब्रेडीने फेकलेला चेंडू अटलांटाच्या खेळाडूचा हात लागून वर उडाला. खाली तिघे प्रतिस्पर्धी, त्यांच्यामध्ये एडलमन झेपावला आणि जमिनीला टेकायला बोटभर अंतर उरलेलं असताना त्याने तो चेंडू पकडला. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहून झेल मान्य केला. पेट्रियट्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३४-२८ ने सामना जिंकला. हे सांगून झाल्यावर वर्गाला विचारलं, "अव्वल का?" सगळे हात वर.

मग दुसऱ्या बाजूच्या गटाने कागद वाचायला घेतला. पूर्ण कारकीर्दीत साखळी सामन्यांत झेल ६२०, यार्ड ६,८२२, टचडाउन ३६. त्याच्याच काळातला डेट्रॉइटचा कॅल्विन जॉन्सन बघा: नऊच वर्षं खेळला, पण झेल ७३१, यार्ड ११,६१९, टचडाउन ८३. २०१२ च्या एकाच हंगामात १,९६४ यार्ड, हा विक्रम होता. लीगमधल्या निवडक खेळाडूंचा 'प्रो बाउल' नावाचा दरवर्षीचा मान असतो. एडलमनची त्यासाठी एकदाही निवड झाली नाही. एकदाही! "बाई, मग अव्वल कसला?" हात खाली आले.

पहिली बाजूही तयारीची होती. त्यांनी बाद फेरीचे आकडे काढले. साखळीत चांगले खेळलेले संघच पुढे येतात आणि हरला तो घरी जातो, ती ही फेरी. एडलमनचे इथे ११८ झेल आणि १,४४२ यार्ड. तो निवृत्त झाला तेव्हा दोन्हींत त्याच्या पुढे इतिहासात फक्त एक माणूस होता, जेरी राइस. (झेलांच्या यादीत पुढे ट्रॅव्हिस केल्सीने दोघांनाही मागे टाकलं.) आणि कॅल्विन जॉन्सन? बाद फेरीचे त्याच्या वाट्याला आलेले सामने दोन, दोन्ही हरलेले.

"पण त्यात जॉन्सनची काय चूक?" मागच्या बाकावरून आवाज आला. प्रश्न रास्त होता. २००८ साली डेट्रॉइटचा संघ सोळाच्या सोळा सामने हरला. त्याच हंगामात जॉन्सनने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन केले. बाद फेरीतल्या त्याच्या पहिल्या सामन्यात, न्यू ऑर्लिन्सविरुद्ध, एकट्याने २११ यार्ड मिळवले, तरी संघ हरला. रोज पराभव बघणाऱ्या संघात उभं राहून इतकं करणारा माणूस मोठा, की जिंकणाऱ्या संघात मोक्याच्या वेळी हात पुढे करणारा? यावर वीस मिनिटं वाद झाला आणि या वेळी मुलं एकमेकांचं ऐकत होती. ब्रेडीचा मुद्दाही दोन्ही बाजूंनी आला. एक मुलगा म्हणाला, २०१७ च्या हंगामात एडलमन गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता आणि त्या वर्षी पेट्रियट्स सुपर बाउल हरले. लगेच कागद फडफडवत उत्तर आलं: हरले खरे, पण त्या सामन्यात ब्रेडीने एडलमनशिवाय ५०५ यार्डांची फेक केली, सुपर बाउलमधला विक्रम. मग उणीव कुणाची भासली?

आता त्या प्रसंगाकडे येते ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

मी मुलांना म्हटलं, नुसती बेरीज सांगू नका, भागाकार करा. जास्त सामने खेळणाऱ्याचे झेल जास्त होणारच. मुलांनी फळ्यावर मांडलं. साखळी सामने १३७, झेल ६२०: सामन्याला साधारण ४.५. बाद फेरीचे सामने १९, झेल ११८: सामन्याला ६.२. पहिली बाजू खूश. मोठ्या सामन्यात हा माणूस फुलतो, हे सिद्ध झालं!

तेवढ्यात वर्गातला सगळ्यात चांगला बोलणारा मुलगा उठला. गेली दोन वर्षं तालुक्याच्या स्पर्धेला तोच जातो. तो म्हणाला, पहिली चार वर्षं एडलमन राखीव होता. त्या ४८ सामन्यांत त्याचे झेल फक्त ६९. ती वर्षं धरली तर सरासरी खाली येणारच. ती काढा. काढली. उरले ८९ सामने, ५५१ झेल. भागाकार ६.२. म्हणजे बाद फेरीइतकाच! वर्ग एकदम शांत. साखळीतही ६.२, बाद फेरीतही ६.२. मोठ्या सामन्यात फुलणारा खेळाडू वगैरे सगळी दंतकथा, हिशेबातली चूक. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे निकाल दिला, विरोधी बाजू विजयी. त्या मुलाची पाठ थोपटली, शिक्षक खोलीत जाऊन कौतुकही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी वही घेऊन आली. वर्गात ती सहसा बोलत नाही. बोलायला उभी राहिली की अडखळते, म्हणून मीही तिला फारसं उठवत नव्हते. तिने वही पुढे केली आणि हळूच म्हणाली, "बाई, आपण एकाच बाजूची काढली."

मला कळेना. मग तिने बोट ठेवून दाखवलं. साखळीतली राखीव वर्षं आपण वगळली, पण त्याच वर्षांतले बाद फेरीचे सामने तसेच ठेवले. १९ पैकी ५ सामने त्या पहिल्या चार वर्षांतले, आणि त्यांत झेल अवघे ९. तेही काढायला हवेत. उरतात १४ सामने आणि १०९ झेल. भागाकार तिने पेन्सिलने केला होता, ७.८.

म्हणजे साखळीत ६.२ आणि बाद फेरीत ७.८. दंतकथा म्हणून मी जी मोडीत काढली होती ती पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी दोन्हीकडे सारखीच चाळणी लावून. मी चुकले होते. चुकीच्या हिशेबावर निकाल दिला होता, तोही उत्साहाच्या भरात.

तिसऱ्या तासाला फळ्यावर तिन्ही भागाकार शेजारी-शेजारी लिहिले आणि वर्गाला सांगितलं की काल माझी चूक झाली, ती हिने दाखवली. तो चांगला बोलणारा मुलगा आधी हिरमुसला. मग त्यानेच पुढचा प्रश्न काढला, त्याचं मला खरंच कौतुक वाटलं. त्याचं म्हणणं, १४ सामने म्हणजे फारच थोडे. जॉन्सनचे बाद फेरीचे दोन सामने घेतले तर सामन्याला १४८ यार्ड पडतात. मग काय तोच बाद फेरीचा बादशहा म्हणायचा? वर्ग हसला. आणखी एकीने विचारलं, त्याच्याकडे चेंडू किती वेळा फेकला होता? मोठ्या सामन्यात ब्रेडी त्याच्याकडेच जास्त फेकत असेल तर झेल वाढणारच. ही नोंद तिकडे ठेवतात, पण आमच्या कागदावर ती नव्हती. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. त्या मुलीनेही आणखी एक भागाकार केला, यार्डांचा. राखीव वर्षं काढली तरी एडलमनचे साखळी सामन्याला साधारण ६९ यार्ड होतात. जॉन्सनचे संपूर्ण कारकिर्दीचे ८६. म्हणजे चाळणी न्यायाने लावली तर अंतर कमी होतं, पण मिटत नाही. ती ज्या बाजूने होती त्या बाजूला हा आकडा सोयीचा नव्हता, तरी तिने तो मांडला.

एक गोष्ट मुलांपासून लपवली नाही. २०१८ च्या हंगामातले पहिले चार सामने एडलमन निलंबित होता, कामगिरी वाढवणाऱ्या द्रव्यांबाबतचा लीगचा नियम मोडल्याबद्दल. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, १० झेल आणि १४१ यार्ड करून तो सामनावीर ठरला. याला किती वजन द्यायचं यावर वर्गात एकमत झालं नाही, मीही करायला गेले नाही.

'अव्वल' कोण हे ठरवणारी तिकडे एक संस्था आहे, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, ओहायोतल्या कँटन गावी. खेळ सोडून पाच वर्षं झाली की नाव विचारात घेतलं जातं. मुलांना वाटलं, तिथे तरी पक्कं माप असेल. मग मी त्यांना दोन नावं दिली. लिन स्वान, पिट्सबर्गचा: ३३६ झेल, चार सुपर बाउल विजय, २००१ साली निवड. आर्ट मंक, वॉशिंग्टनचा: ९४० झेल, म्हणजे जवळजवळ तिप्पट, तोही तीन सुपर बाउल जिंकलेल्या संघांत, आणि त्याला २००८ पर्यंत थांबवलं. स्वान १९७४ ते १९८२ खेळला. १९७८ मध्ये नियम बदलले. बचाव करणाऱ्याने रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्के द्यायचे नाहीत असं ठरलं आणि चेंडू फेकून खेळणं सोपं झालं. त्याच वर्षी हंगाम चौदाचा सोळा सामन्यांचा झाला. तेव्हा ३३६ आणि ९४० यांची थेट तुलना चालत नाही, हे मुलांनी स्वतः सांगितलं. स्वानलाही पहिल्या फटक्यात घेतलं नव्हतं, तोही कित्येक वर्षं ताटकळला होता. थोडक्यात, मोठ्या माणसांच्या समितीतही आमच्या वर्गासारखंच चालतं!

पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "बाई, परदेशी खेळ कशाला? आपले खेळाडू कमी आहेत का?" प्रश्न मनापासून होता. मी म्हटलं, आपला घेतला असता तर मुलांनी बाजू आधी घेतली असती आणि कारणं मागून शोधली असती. आता ती आपल्या खेळाडूंकडे वळली आहेत. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही अमोल मुझुमदार भारताकडून एकही कसोटी का खेळला नाही, यावर पुढचा तास आहे, आणि त्या काळात भारताच्या मधल्या फळीत कोण कोण होते याची यादी मुलांनीच आणायची आहे. वडील हसले. म्हणाले, "तासाला मलाही बोलवा."

माझं मत विचाराल तर, हंगामभराच्या मापाने एडलमन पहिल्या फळीतला रिसीव्हर नाही. बाद फेरीच्या मापाने आहे, अगदी ठामपणे आहे. एकच माप लावायचं असेल तर मी साखळीचं लावीन, कारण तिथे सामने जास्त आणि नशिबाचा वाटा कमी. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तू तो झेल पुन्हा बघ," आणि त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही.

शाळेत एक बदल मात्र लगेच करावा लागला. तालुक्याच्या स्पर्धेसाठी निवड करताना मी जी गुणपत्रिका वापरते, ती काढून पाहिली. चाळीस गुणांची. उच्चार दहा, आवाज आणि हावभाव दहा, पाठांतर दहा, मुद्दे दहा. या तक्त्यावर ती मुलगी कधीच निवडली गेली नसती. गेल्या वर्षी नव्हतीच. नवा तक्ता केला: मुद्दे पंधरा, समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर पंधरा, उच्चार आणि आवाज मिळून दहा. पाठांतर काढून टाकलं. संघात दोघं जातात. यंदा तो मुलगा आणि ती मुलगी जाणार. तो मांडणार, ती उत्तर देणार. ती अजून अडखळते. रोज शेवटच्या तासानंतर दहा मिनिटं दोघं सराव करतात, आणि ती अडखळली की तो थांबून राहतो, मध्ये शब्द घालत नाही. हे त्याला मी सांगितलेलं नाही.

कुणाला हा तास घ्यायचा असेल तर तीन तासिका लागतात. आकडे वर्षवार द्या, एकूण बेरीज देऊ नका. बेरीज मुलांना करू द्या. झेलाचा प्रसंग आधी सांगा, कागद नंतर वाटा. फळ्यावरचे भागाकार तिसऱ्या दिवसापर्यंत पुसू देऊ नका, शिपाईमामांना आधीच सांगून ठेवा. आमचे पहिल्या दिवशीचे पुसले गेले होते. त्या मुलीच्या वहीत होते, म्हणून बरं.